आबांचा जादा रविवार

त्या प्रिंटरचा आवाज ज्याने ऐकला नाही त्याला काय सांगावं! एक ओळ छापायला लागला की टेबलावरचा चहा कपाबाहेर उडी मारायचा. सूनबाईच्या आधी तिथे जो कारकून होता, त्याचे म्हणे पुढचे दोन दात त्या आवाजानेच हलून पडले. खोटं वाटतंय? वाटू दे. दगडखाणीच्या ऑफिसातला तो प्रिंटर मात्र खराखुरा होता. वजनकाट्याच्या पावत्यांना खाली कार्बन लागतो ना, म्हणून तो जपून ठेवलेला. शाईची फीत, तिच्यावर सुयांचा मारा, आणि दोन्ही कडांना भोकं असलेला, घडीघडीचा, संपता न संपणारा कागद.

त्याच्यावर सूनबाई महिन्याच्या महिन्याला कॅलेंडरं काढायची. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, महिना, वर्ष, चौकोन पानभर मोठे, की बोट दाबून मोकळी. चित्र नाही, फुलं नाही, नुसते ढळढळीत चौकोन आणि प्रत्येकात अंगठ्याएवढा आकडा. एक प्रत ऑफिसच्या भिंतीवर, एक मुकादमाच्या खोलीत, आणि एक जाड कागदावर घरी, आबांसाठी.

आबा म्हणजे तिचे सासरे. त्याच खाणीत त्यांनी उभा जन्म बार भरले, सुरुंग उडवले. म्हणून तर अख्खी खाण तिला सूनबाई म्हणायची, पार मालकापासून ट्रकच्या क्लीनरपर्यंत. बारांनी आबांचे कान नेले आणि वयाने डोळे. उजेड कुठे आणि अंधार कुठे एवढं कळायचं, बाकी सगळा धूर. पण कुणी हात धरला की अंगाचा तिळपापड.

"मी काय कपबशी आहे, फुटायला?" म्हणायचे.

तर अशा माणसाला वार कसा कळावा? बोटांनी. त्या प्रिंटरच्या सुया कागदावर इतक्या जोरात आपटायच्या की चौकोनाची रेघ बोटाला खड्ड्यासारखी लागायची. आबा डावीकडून चौकोन मोजत जायचे. सगळ्यात डावा तो रविवार. रोज उठल्या उठल्या टाचणीने आजच्या चौकोनात भोक पाडायचे, म्हणजे आज कुठवर आलो ते उद्या सापडे. एकदा वारावरून सासूबाईंशी त्यांचं जोरात वाजलं. आबा म्हणाले गुरुवार, सासूबाई म्हणाल्या बुधवार, आणि कागद निघाला आबांच्या बाजूचा. झालं! तेव्हापासून घरात कायदा झाला, सूनबाईचा कागद म्हणेल तोच वार.

आणि रविवारचं एक गुपित होतं. ते फक्त सूनबाईला ठाऊक.

रविवारी खाण बंद. ना ट्रक, ना बार. आबा कानातलं यंत्र काढून खिडकीत ठेवायचे, "रविवारी कानांना पण सुट्टी" म्हणायचे, आणि काठी घेऊन निघायचे. सासूबाईंना वाटायचं, चौकात जाऊन बसतात. जायचे खाणीत. मागच्या बाजूला पाण्याची एक जुनी, कोरडी चर होती. तिच्यातून सरपटत थेट तळाशी, फोडलेल्या कड्यापाशी. तिथे दोन्ही तळवे दगडावर टेकवून आठवडाभराचं काम तपासायचे. मग घरी येऊन सूनबाईच्या कानात, म्हणजे आपल्या अंदाजाने हळू आवाजात, बोंबलायचे, "तो माझा शागीर्द फार दारू भरतो गं! दगडाचा भुगा करतो!" शागीर्द म्हणजे आताचा सुरुंगवाला. आबांनीच तयार केलेला.

सूनबाईला हे थांबवता आलं असतं. तिने थांबवलं नाही. म्हाताऱ्याचा चेहरा त्या दिवशी असा काही उजळायचा की तिची जीभच उचलत नसे. बंद खाणीत काय होणार, असं ती मनाला सांगायची.

आता गंमत बघा कशी जुळून आली. म्हणजे गंमत कसली, काळीज बाहेर यायची वेळ आली.

गेल्या आठवड्यात ऑफिसातला जुना कम्प्युटर एकदाचा गतप्राण झाला. नवा आला. सूनबाईने त्याला तोच जुना प्रिंटर जोडला, तीच जुनी ओळ टाइप केली, पुढच्या महिन्याची पानं सर्रकन काढली आणि घडी घालून पिशवीत टाकली. पाहिलंसुद्धा नाही. रोज लाटते ती चपाती कुणी मोजून बघतं का?

शनिवारी आबांना ताप भरला. रविवारचा पूर्ण दिवस ते औषधाच्या गुंगीत पडून होते. टाचणी टोचली नाही की खाणीत गेले नाहीत. संध्याकाळी महिना संपतोय म्हणून सूनबाईने जुनं पान काढलं, नवं अडकवलं. सोमवारी सकाळी आबांचा ताप उतरला होता, घोरणं छपराला लागलं होतं. तिने कपाळाला हात लावून पाहिला आणि ती कामावर गेली. नवरा ट्रक घेऊन परगावी. घरात सासूबाई होत्या.

सोमवारी खाणीत बार असतो.

बाराच्या दिवशी एक नियम होता, आणि तो आबांच्या काळापासून कुणी मोडला नव्हता. सुरुंगांना विजेच्या तारा लावायच्या आधी सगळ्यांचे मोबाइल ऑफिसातल्या पत्र्याच्या पेटीत जमा. उगाच कुठल्या लहरीने ठिणगी पडायची आणि वेळेआधी धडाका व्हायचा. त्यामुळे तारा लागल्या की खाली असलेल्या माणसाला गाठायचं तर पायानेच.

मुकादम फोन टाकायला आला. हा माणूस भिंतीशीसुद्धा थट्टा करेल असा. पेटीत फोन टाकला, भिंतीवरच्या नव्या पानाकडे पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

"सूनबाई, रविवारने काय गुन्हा केला हो? त्याला पार शेवटच्या बाकावर बसवलात!"

"काय?"

"बघा की. सोमवार पहिला. रविवार सगळ्यात मागे. आमची सुट्टी अशी ढकलत नेलीत तर एक दिवस कागदाबाहेर पडेल."

सूनबाईने पाहिलं आणि तिला हसू आलं. नव्या कम्प्युटरच्या डोक्यात आठवडा सोमवारी सुरू होत होता. "अहो, ह्याला कुणी शिकवलं नाही अजून," ती म्हणाली. "थांबा, अख्ख्या वर्षाचंच नीट काढून ठेवते." तिने ओळ पुन्हा टाइप केली, शेवटी एक छोटी आडवी रेघ आणि तिच्यापुढे एक अक्षर, म्हणजे आठवडा रविवारपासून. बोट दाबलं. प्रिंटर गरजायला लागला. मुकादम कानात बोटं घालून "हा बार आमच्या बारापेक्षा मोठा!" असं ओरडत बाहेर पडला.

सूनबाई अजून हसत होती. हसता हसता तिची नजर भिंतीवरच्या पानाच्या डाव्या काठावर गेली. आज एक तारीख. एकचा चौकोन सगळ्यात डावीकडे.

सगळ्यात डावा तो रविवार.

आबांनी शेवटचं भोक शनिवारी पाडलं होतं. रविवार झोपेत गेला. आज उठले असतील, नव्या पानावर बोट ठेवलं असेल, पहिला भरलेला चौकोन पार डावीकडे लागला असेल. शनिवारच्या पुढे रविवार. हिशेब कसा चोख!

तिने ऑफिसचा फोन उचलला. घंटा वाजत राहिली, वाजत राहिली.

"कोण?" सासूबाई.

"आई, मी. आबा कुठे आहेत?"

"तुझ्या आबांचं नाव काढू नकोस. काल मेल्यासारखे पडलेले, आज उठले ते नव्या नवरदेवासारखे. दाढी काय केली, शीळ काय घातली! म्हटलं, चहा घ्या, तर—"

"आई, ते घरात आहेत का?"

"अगं सांगतेय ना. मी नळावर गेले, येऊन बघते तर पलंग रिकामा. काठी नाही. आणि एवढा मोठा माणूस, पण अक्कल बघ, कानातलं यंत्र खिडकीत! रविवारसारखं! आज काय रविवार आहे?"

सूनबाईने वळून खिडकीतून खाणीकडे पाहिलं.

"हॅलो? अगं, मेलीस का?"

"कधी गेले?"

"मघाशीच. का गं? काय झालं? माझ्यापासून काय लपवताय तुम्ही दोघं?"

आणि तेवढ्यात पहिला भोंगा झाला.

पहिला भोंगा म्हणजे सगळ्यांनी तळातून वर या. त्याच्यानंतर मुकादम एकदा तळ फिरून बघतो, कुणी राहिलं नाही ना. दुसरा भोंगा म्हणजे तारा जोडल्या, आता कुणी हलायचं नाही. तिसरा भोंगा आणि धडाका यांच्यात एक श्वास घेता येतो. लांब श्वास घेणाऱ्याला तोही पुरत नाही.

आबा हळू चालतात. मुकादम तळ बघून वर येईल, मग आबा चरीतून बाहेर निघतील. कुणाच्या दृष्टीस पडणार नाहीत. आणि भोंगा? भोंगा ऐकायचे कान खिडकीत ठेवलेले!

तिने फोन टाकला. समोर पेटीत मुकादमाचा फोन, सुरुंगवाल्याचा फोन, शेजारी शेजारी गाढ झोपलेले. तिने पेटीवर एक बुक्की मारली. त्याने काय होणार! मग तिने खोलीभर नजर फिरवली. लाल निशाण पाहिजे होतं. निशाण रस्त्यावरच्या पहारेकऱ्याकडे. लाल कापड नाही, फडकं नाही, हलवायला काही म्हणजे काही नाही. नुसता तो प्रिंटर कागद ओकतोय. त्या क्षणी तिला त्याचा गळा दाबावासा वाटला. दाबला नाही. त्याच्या तोंडातून कागदाचा गठ्ठा खसकन ओढून तोडला, काखेत मारला आणि पळत सुटली.

ऑफिसपासून खाणीच्या कडेपर्यंत चढ आहे, आणि चढावर बारीक खडी. लोक सांगतात, सूनबाई त्या दिवशी अशी पळाली की तिची सावली मागे राहून धापा टाकत होती. मला विचाराल तर सावली तरी बरी, तिला निदान बसायला मिळालं. सूनबाईच्या छातीत भाता चालला होता. एका पायातली चप्पल निसटली, ती सोडून दिली. वारा समोरून. "थांबा! थांबा हो!" ती ओरडायची आणि वारा ते शब्द तिच्याच तोंडात परत कोंबायचा.

मुकादम होता लांब, पलीकडच्या काठावर, रस्त्याकडे तोंड करून. हाताने फिरवायचा भोंगा त्याच्यापुढे. सुरुंगवाला खाली, कड्याच्या वळणाआड लोखंडी खोलीत, कानांवर जाड टोप्या घालून. त्या खोलीला पुढे एक फट आहे, तीतून आभाळ आणि समोरचा काठ दिसतो. कडा दिसत नाही. दिसायलाच नको, नाहीतर दगड आत येतील.

ती काठावर पोचली आणि खाली पाहिलं.

आबा होते.

पांढरा सदरा, पाठ तिच्याकडे, काठी बाजूला टेकवलेली. कड्यापाशी उभे, दोन्ही हात वर करून दगड चाचपत होते. जसं एखादं लेकरू झोपलंय का बघावं, तसं हळू. आणि त्यांच्या डोक्यावर, कड्याच्या अंगावर ओळीने भरलेले सुरुंग. लाल-पिवळ्या तारा लोंबत होत्या.

दुसरा भोंगा झाला.

सूनबाई ओरडली की नाही, तिलाच आठवत नाही. तिने उरलेली चप्पल काढली, कागदाच्या शेवटच्या घडीत खुपसली आणि गठ्ठा खाणीत भिरकावला. पहिलं पान मुठीत घट्ट धरून ठेवलं. चप्पल खाली निघाली आणि तिच्यामागून घडी घडी उलगडत गेली, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, तिच्या बाजूच्या काठावरून पांढरी वाट सोडावी तशी. "बघा! वर बघा रे मेल्यांनो!" ती ती पट्टी डावीकडे उजवीकडे झुलवायला लागली.

आबांना दिसलं नाही. दिसणार कसं, पाठ होती. लोखंडी खोलीतून काही हललं नाही. पट्टी काठाखालच्या दगडाला चिकटूनच लोंबत होती, त्या फटीतून दिसेल इतकी पुढे जातच नव्हती. पलीकडे मुकादमाने भोंग्याचा दांडा पुन्हा हातात घेतलेला तिला दिसला.

तिने सगळं बळ एकवटून एक हिसका दिला. आणि कागद फाटला.

घडीवर तो फाटायचाच, तिथे आधीपासून बारीक भोकांची रेघ असते. मधूनच तुटला. मुठीत चार महिने राहिले आणि बाकीचं वर्ष सुटलं. सूनबाई मटकन गुडघ्यांवर बसली. संपलं, तिला वाटलं.

पण वाऱ्याच्या मनात काही वेगळंच होतं. इतका वेळ जो तिच्या तोंडात शब्द कोंबत होता, तोच खाली खाणीत शिरून भोवऱ्यासारखा फिरत होता. त्याने त्या तुटक्या पट्टीला पोटाखालून उचललं. चप्पल पडली खाली, आणि हलका झालेला कागद असा उसळला, असा उसळला की मे महिना आभाळाला टेकला म्हणतात. मग ती सगळी शेपटी वळसा घेत घेत गेली आणि लोखंडी खोलीच्या समोरून, फटीच्या अगदी नाकापुढून, सावकाश, एक एक महिना दाखवत निघाली.

आत सुरुंगवाल्याचा हात बार उडवायच्या कळेवर होता. आबांनी त्याला पहिल्या दिवशी एकच धडा दिला होता. काठाच्या आत पाखरू जरी नवं दिसलं तरी हात मागे घ्यायचा, बार उद्याही होतो. त्याने हात मागे घेतला. कळेतली चावी काढली, खिशात घातली आणि बाहेर आला. कागदाकडे पाहिलं, कागद कुठून आला म्हणून वर पाहिलं, काठावर गुडघे टेकलेली सूनबाई पाहिली. ती नुसती बोट दाखवत होती. खाली. खाली.

तो वळणावरून पुढे आला, आणि तो जो पळत सुटला!

सूनबाई अनवाणी चरीतून घसरत तळाशी पोचली, तेव्हा तिथे वेगळाच तमाशा चालला होता. आबांच्या बोटांना सुरुंगाची तार लागली होती. ती चिमटीत धरून ते शागिर्दाच्या तोंडावर नाचवत होते, आणि त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा.

"रविवारी बार भरतोस?" आबा गरजत होते. "लाज नाही वाटत? रविवारी दगडालासुद्धा सुट्टी असते!"

"आबा, तार सोडा. सोडा आधी."

"काय म्हणतोस? मोठ्याने बोल!"

"सोमवार आहे, आबा!" तो त्यांच्या कानाशी ओरडला. "आज सोमवार!"

"तू मला वार शिकवतोस? घरी कागद आहे माझ्याकडे. सूनबाईने काढलेला. सूनबाईचा कागद चुकत नाही!"

सूनबाई तिथेच उभी राहिली. पायातून रक्त येत होतं, त्याचं तिला काही नाही. ते वाक्य मात्र खडीपेक्षा टोचलं. मुकादमही धावत आला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला थट्टा सुचत नव्हती. ती पुढे झाली. आबांच्या चिमटीतून तार अलगद काढून घेतली आणि त्यांचा हात हातात धरला. आबांनी झिडकारायला हात ओढला, मग तो कुणाचा ते ओळखलं.

"सूनबाई? तू कशी इथे?"

ती त्यांच्या कानाला तोंड लावून बोलली. "आबा, कागद चुकला. सोमवार डावीकडे आला. मी न बघता अडकवला."

आबांनी तळवा वर केला, कड्यावर फिरवला. एक सुरुंग लागला, दुसरा लागला, तिसरा लागला. मग हात आपोआप खाली आला.

"म्हणजे मी..." एवढंच म्हणाले.

"हो."

"आणि हे पोरगं कळ दाबणार होतं."

"हो, आबा."

"मग दाबली का नाही?"

सुरुंगवाल्याने वर, खाणीच्या टोकाशी झुडपात अडकलेली पांढरी शेपटी दाखवली. आबांना काय दिसणार! सूनबाईच्या मुठीत चुरगळलेलं पान होतं, ते तिने त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बोट फिरवलं, सवयीने, डावीकडून.

"हा बरोबर वाटतोय," म्हणाले.

मग त्या दिवशी पहिल्यांदाच, कुणीही न सांगता, त्यांनी सूनबाईचा दंड धरला. "चल. तुझी सासू आता आपल्या दोघांचा बार उडवणार आहे."

उडवला की! सासूबाईंचा तो बार गल्लीच्या पार शेवटच्या घरापर्यंत ऐकू गेला, आणि आबांनी मुद्दाम यंत्र कानात घातलं नाही. दोन दिवस घरात भांड्यांखेरीज कुणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनीच यंत्र उचलून आबांच्या कानात बसवलं. "पुढच्या रविवारी मीही येणार," म्हणाल्या. "बघू तरी त्या दगडात काय आहे एवढं."

आबांची गोष्ट मात्र रोज वाढत गेली. आता ती अशी आहे की, त्यांनी अंगठ्याने तार दाबून विजेला मागे पाठवलं. कुणी हसलं तर टाचणीने भोक पाडलेलं ते चुकीचं पान दाखवतात. फेकू दिलं नाही त्यांनी. "आठवड्यात एक जादा रविवार मिळालेला माणूस दाखव दुसरा," म्हणतात.

आणि सूनबाई? ती अजूनही तीच ओळ टाइप करते, शेवटी आडवी रेघ आणि ते एक अक्षर. प्रिंटर गरजून शांत झाला की पान तोडायच्या आधी डोळे मिटते आणि डाव्या काठावरून बोट फिरवत जाते, चौकोन चौकोन, हळूहळू.

"सूनबाई," मुकादम दारातून म्हणतो, "कॅलेंडर छापताय की त्याची पाठ खाजवताय?"

"तुम्ही फोन टाका पेटीत," ती डोळे न उघडता म्हणते. "आणि मी मान हलवेपर्यंत भोंग्याला हात लावायचा नाही."

मुकादम दारातच थांबतो. ती शेवटच्या चौकोनापर्यंत जाते, मग मान हलवते.